ज्याची भिंत त्याने धुवावी

५ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीचा खोकला लिहून ठेवत जा. कोणत्या दिवशी जास्त, कोणत्या दिवशी कमी, रोजच्या रोज. म्हणून ही डायरी. लाँड्रीच्या मालकांनी गेल्या वर्षीची कोरी पडलेली दिली. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. माझ्या संसाराचंही तसंच चाललंय, त्यामुळे काही अडत नाही.

ठकी सात वर्षांची आहे. सकाळी उठली की खोकायला लागते ती शाळेत जाईपर्यंत. छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात ओल आहे का?" मला हसूच आलं. म्हटलं, "बाई, आमच्याकडे डब्यातलं मीठ चमच्याने निघत नाही, सुरीने कोरावं लागतं." त्या हसल्या नाहीत. ठकी झोपते त्या खोलीची बाहेरची भिंत कशी आहे, असं विचारलं. मी म्हटलं, हिरवी. मग म्हटलं, खरं सांगायचं तर काळी. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, एक तर भिंत धुऊन कोरडी करून घ्या, नाहीतर पोरीला कोरड्या गावी न्या. तिसरं औषध माझ्याकडे नाही.

खोकला : सकाळी खूप. रात्री पाठ चोळली तेव्हा झोपली.

७ सप्टेंबर

या घराची एक रीत आहे. लिहून ठेवते, नाहीतर पुढेमागे वाचताना माझाच विश्वास बसायचा नाही. चार भिंती, चार माणसं. ज्याची भिंत त्याने धुवायची, वर्षातून दोनदा, इथल्या हवेत तेवढं लागतंच. पुढची सासूबाईंची. पूर्वेची मामंजींची. पश्चिमेची नणंदबाईंची होती, त्यांचं लग्न झालं आणि मी आले तेव्हा माझ्या गळ्यात पडली. इतर घरांत सुनेच्या हाती किल्ल्या देतात म्हणे. माझ्या हाती काथ्याचा ब्रश दिला.

उत्तरेची, मागच्या बोळातली, ती ह्यांची.

हे गेले त्याला चार वर्षं होतील. त्या दिवशी भिंत धुवायलाच शिडीवर चढले होते. मामंजी खालून म्हणाले, सोडा केवढा ओततोस, फुकट येतो का? भांडण सोड्यावरून नव्हतंच. ह्यांचं काम सुटलेलं, बाप-लेक महिनाभर एकमेकांना पाण्यात बघत होते, सोडा आपला निमित्ताला. हे शिडीवरून उतरले, हातपाय धुतले, ठकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. एकदा कुठल्याशा बंदरावरून फोन आला, बोटीवर काम मिळालंय म्हणून. मग तोही नाही.

तेव्हापासून त्या भिंतीला कुणाचा हात लागलेला नाही, कारण सासूबाई लावू देत नाहीत. फार पूर्वी चुलतसासरे परगावी असताना त्यांची भिंत कुणीतरी हौसेने धुतली, आणि आठवड्याच्या आत ते गेल्याचा निरोप आला. तेव्हापासून या घरात दुसऱ्याची भिंत धुणं म्हणजे त्या माणसाला पोचवून येणं.

१२ सप्टेंबर

समोरच्या रंगाऱ्याला बोळात नेऊन भिंत दाखवली. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. तो बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिला. म्हणाला, "वहिनी, दमट हवेत साधी भिंत दोनदा, पण उत्तरेची तीनदा धुवावी. तिला ऊन माहीत नसतं. चार वर्षं म्हणजे आता भिंत शेवाळावर उभी आहे, का शेवाळ भिंतीवर, ते सांगणं कठीण." मी विचारलं, धुतली तर पोरीचा खोकला थांबेल का? तो म्हणाला, "मी रंगारी आहे, वैद्य नाही. पण आत पोपडे सुटायचे थांबतील."

बोळ अगदी अरुंद आहे. पलीकडे गोदामाची आंधळी भिंत, तिला एक खिडकीसुद्धा नाही. खाली कायम गार. मला तिथे एकटीने उभं राहायला आवडत नाही. शेवाळ इतकं जाड आहे की त्यावर बोट टेकवलं तर आत रुततं आणि काढल्यावर खळगा तसाच राहतो. वरच्या अंगाला, ह्यांनी त्या दिवशी धुवायला घेतलं होतं तिथे, एक फिकट पट्टा अजून दिसतो. तेवढाच.

खोकला : जास्त.

१६ सप्टेंबर

आज सासूबाईंशी बोलले. जेवणं चालली होती. म्हटलं, "आई, मागची भिंत धुवावी लागेल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"धुवेल की. आला की धुवेल."

"ठकीला श्वास घेता येत नाही हो."

"तिला माझ्याजवळ झोपव."

"झोपवून बघितलं ना गेल्या महिन्यात. घर केवढंसं आपलं! ओल काय दार वाजवून येते?"

त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. म्हणाल्या, "तुला तो मेलेला हवाय का? तसं सांग. मग धू."

मामंजी खाली मान घालून जेवत होते. चार वर्षांत त्यांनी ह्यांचं नाव एकदाही घेतलेलं नाही. आतून ठकीला खोकल्याची उबळ आली. मामंजींनी हातातला घास ताटात ठेवला, उबळ थांबेपर्यंत तसेच बसून राहिले, मग हात धुवायला उठले. ताटात अर्धं जेवण तसंच.

२३ सप्टेंबर

ताईचा फोन. तिच्या गावी, ती काम करते त्या इस्पितळात कपड्यांच्या खात्यात जागा निघतेय, इस्त्री आणि घड्या, म्हणजे माझंच काम. ऑक्टोबर संपेपर्यंत ती जागा धरून ठेवेल. "इथे टॉवेल दोन तासांत कडक वाळतो," ती म्हणाली. हे ऐकून मला रडू आलं. टॉवेल वाळतो म्हणून रडणारी मीच एक.

२९ सप्टेंबर

घरात सांगितलं. ऑक्टोबर संपताना ठकीला घेऊन ताईकडे जाते, कायमची. सासूबाई म्हणाल्या, "आणि तो आला तर?" मी म्हटलं, "पत्ता देऊन ठेवते." त्या पाठ फिरवून बसल्या. मामंजींनी एवढंच विचारलं, "पोरगीही?" म्हटलं, तिच्यासाठीच तर चाललेय. ते उठून मागच्या दाराकडे गेले आणि बराच वेळ तिथेच उंबऱ्यावर उभे होते. पोरगी त्यांचा जीव की प्राण आहे, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. बोलून ते फक्त चुका दाखवतात.

३ ऑक्टोबर

अक्षर कसं येईल ते येवो, आजचं आजच लिहिते.

संध्याकाळी लाँड्रीतून आले, ओली पोतेरी पिळायला बोळात गेले, आणि बघते तर ठकीच्या खिडकीखाली भिंत पांढरी. चादरीएवढा तुकडा, स्वच्छ धुतलेला. भिंत मुळात पांढरी होती हेच मी विसरून गेले होते. मी हाका मारल्या. सासूबाई आल्या, पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसल्या. "कुणी हात लावला? तू?" मी ठकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, मी नाही. मग त्या मामंजींना विचारायला गेल्या. ते म्हणाले, "मी कशाला तडफडायला जातोय तिकडे?"

आणि मामंजी खोटं बोलत नाहीत. जन्मभर वजनकाट्यावर कारकून होते, पण मापात पाप नाही. त्यांच्या खरं बोलण्यापायी आमच्याकडे पाहुणे यायचे बंद झाले. शिवाय ते तीन पायऱ्या चढले की चौथीवर बसतात.

दुपारी मी लाँड्रीत. सासूबाई ठकीला शाळेतून आणायला जातात आणि वाटेत बहिणीकडे टेकतात. घरात एकटे मामंजी, पण ते जेवून झोपले की घर उचलून नेलं तरी कळायचं नाही.

सासूबाई दारात बसून आहेत. एकदाच म्हणाल्या, "ज्याची भिंत त्यानेच धुतली." अंगावर सरसरून काटा आला तो अजून गेलेला नाही.

७ ऑक्टोबर

आणखी एक तुकडा. पहिल्याला लागून, डावीकडे.

नीट निरखून पाहिलं. सगळं धुणं छातीएवढ्या उंचीपर्यंतच आहे, त्याच्यावर हात गेलेला नाही. हे तर नेहमी शिडी लावून वरून खाली यायचे, खालून धुतलं की वरची घाण पुन्हा खाली ओघळते म्हणायचे. पण आता शिडी कशी काढतील? ती आत असते, दाराची कडी वाजेल, लोक बघतील. लपून करायचं तर खालूनच करणार. आपल्याच घरी माणसाने चोरासारखं यावं, याचं फार वाईट वाटलं.

ठकी झोपल्यावर धुतलेल्या जागेवर तळहात ठेवून उभी राहिले. भिंत गार होती. तरी हात काढवेना.

१० ऑक्टोबर

आज कामावर निघताना मागच्या खिडकीत चहा झाकून ठेवला. दोन चमचे साखर, ह्यांना लागते तशी. माझं मलाच हसू येत होतं, पण ठेवला.

संध्याकाळी कप रिकामा. नुसता रिकामा नाही, विसळून पालथा घातलेला.

मी तो कप किती वेळ हातात धरून उभी होते. हे कधी कप उचलून मोरीत ठेवत नसत, विसळणं तर लांबच. या घरात चहा पिऊन कप पालथा घालणारं माणूस एकच, मामंजी. म्हणजे चार वर्षांत बोटीवर ह्यांना वळण लागलं म्हणायचं. बापाने सांगून जे झालं नाही ते खाऱ्या पाण्याने केलं.

खोकला : कमी. लिहायचंच विसरत होते.

१५ ऑक्टोबर

भिंत खिडकीच्या दोन्ही बाजूंनी निघालीय. रोज थोडी थोडी. सासूबाई पूर्वीसारख्या जेवायला लागल्या, परवा तर रंगाऱ्याच्या बायकोशी फाटकात उभ्या राहून हसत होत्या. मी रोज चहा ठेवते. रोज कप पालथा.

आतल्या भिंतीवरचे पोपडे सुटायचे थांबलेत. ठकी सकाळी उठून खोकली नाही, सरळ दूध मागितलं. मी तिच्या पाठीला कान लावून ऐकलं. शिट्टी होती, पण लांब गेलेली. मनात म्हटलं, बापाचा हात लागला हो.

ताईला फोन करून सांगितलं, थोडं थांब. का, ते सांगितलं नाही.

१९ ऑक्टोबर

आज राहवेना. डोकं दुखतंय सांगून लाँड्रीतून दुपारीच निघाले. बोळात शिरले तर कुणी नाही, पण बादली तिथेच होती, ब्रश अजून निथळत होता, आणि ओल्या अनवाणी पायांचे ठसे मागच्या दारातून आत गेलेले. आत, म्हणजे घरात!

ठशांच्या मागोमाग गेले. स्वयंपाकघर ओलांडून ते मामंजींच्या खाटेपाशी संपत होते. मामंजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. श्वास असा, की कुणी मागे लागलं होतं की काय. लेंगा गुडघ्यांपर्यंत भिजलेला.

"मामंजी, कोण आलं होतं?"

"कोण येणार? मोरीत घसरलो."

"तुमच्या खाटेपर्यंत कुणीतरी आलं होतं. पायांचे ठसे आहेत."

ते वळले. माझ्याकडे असं बघितलं जसं ठकी पडली की बघतात. म्हणाले, "तू आज लवकर कशी?"

हे आले, बापाच्या उशाशी उभे राहिले, आणि मामंजी डोळे मिटून पडून राहिले असणार. एवढा कसला पीळ? मला इतका राग आला की मी सुका लेंगा खाटेवर टाकला आणि बाहेर आले. घरभर सोड्याचा वास होता. हे जवळपास कुठेतरी उभे राहून मला बघत असतील असं दिवसभर वाटत राहिलं. मान वळवायची भीती वाटत होती, आणि न वळवायचीही.

२४ ऑक्टोबर

केसांना तेल लावून नीट वेणी घातली. ठेवणीतले कपडे काढले. लाँड्रीत मालकांनी विचारलं, कुणाचं लग्न? म्हटलं, माझंच. हसले सगळे.

मागच्या दाराची कडी आता लावत नाही.

ताईला सांगून टाकलं, जागा दुसऱ्या कुणाला दे. भिंतीचंही सांगितलं. ती इतकी ओरडली की फोन कानापासून दूर धरावा लागला. "भिंतीशी संसार करणार आहेस का? जिवंत माणूस बायकोला तोंड दाखवत नाही आणि शेवाळ खरवडून जातो?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. फोन ठेवून वळले तर मागे मामंजी उभे होते. माझी वेणी, माझे कपडे, उघडी कडी, एकेक करून सगळं त्यांनी पाहिलं. चेहरा एकदम उतरला त्यांचा. बरं वाटत नाही का विचारलं, तर हाताने नको म्हणाले.

२७ ऑक्टोबर

मामंजींनी मला अंगणात बोलावलं. स्वतः पायरीवर बसले, मला बस म्हणाले. असं त्यांनी कधी म्हटलेलं नाही.

"सूनबाई, ती भिंत मी धुतोय."

मी उठायला लागले, त्यांनी हाताने बसवलं.

"पोरीचा खोकला ऐकवेना. तू तिला घेऊन चाललीस, तेही सोसवेना. हिला सांगितलं असतं तर तिने हाय खाल्ली असती. म्हणून गप्प राहिलो. तू असं काही धरून बसशील हे माझ्या ध्यानात आलं नाही."

"मामंजी, तुम्ही पायरी चढू शकत नाही."

"म्हणून तर खालचीच धुतली."

"आणि चहा?"

"तो पण मी. टाकून देववेना. साखर फार घालतेस."

साखरेचं सासूबाईंकडून कळलं असणार, ह्यांच्या चहावरून त्या मला नेहमी टोकायच्या. मी शांतपणे म्हटलं, "तुम्हाला वाटतंय मी जावं. ठकीचं भलं व्हावं म्हणून तुम्ही हे बोलताय. पण स्वतःच्या मुलाने केलेलं एवढंसं कामही तुम्ही त्याच्या नावावर राहू देत नाही?"

ते हाताकडे बघत बसले. हातांची सालं निघालीत त्यांच्या, वय झालं.

२८ ऑक्टोबर

आज सगळे घरात होतो. भरदिवसा मामंजी बादली, सोडा, ब्रश घेऊन बोळात गेले आणि मोठ्याने हाक मारली, "या, बघा दोघी."

आम्ही गेलो तर ते ह्यांच्या भिंतीवर ब्रश चालवत होते. सासूबाईंनी जी किंकाळी फोडली ती गोदामाच्या भिंतीवरून परत आली. "अहो, माराल त्याला! आता तर कुठे यायला लागलाय!" मामंजी सोडा मुरायलाही थांबेनात. पाच-सहा हात मारले असतील, धाप लागली, ब्रश घसरला, हिरवं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. ओरखडे नुसते, धड एक वीत जागा स्वच्छ नाही. शेजारचा आधी धुतलेला भाग कसा, घासलेल्या ताटासारखा. आंधळ्यालाही फरक दिसावा.

मी ब्रश त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. इतक्या जोरात, की ते ओल्यात बसले. मी म्हटलं, "पुरे करा. ते आता भीतीने यायचे नाहीत."

ठकी मागच्या दारातून सगळं बघत होती. ती आजोबांजवळ गेली आणि आपल्या फ्रॉकने त्यांचे हात पुसायला लागली. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, ओले होते म्हणून.

६ नोव्हेंबर

मामंजींच्या छातीत कफ झालाय. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, ठकीसारखीच शिट्टी, फक्त म्हातारी. यांनी बुरशीत काय काम केलं, असं विचारत होत्या. मी म्हटलं, एकदाच, हट्टाने.

भिंत जिथल्या तिथे आहे. चहा संध्याकाळी तसाच मिळतो, वर मुंग्या. ओतून देते आणि सकाळी पुन्हा ठेवते.

१३ नोव्हेंबर

मामंजींना इस्पितळात हलवलं. पाळीपाळीने बसतो. आज माझी पाळी होती. तोंडावरची नळी बाजूला करून म्हणाले, "अजून गेली नाहीस?"

"कुठे?"

"ताईकडे. जा. पोरीला घेऊन जा. अर्धी भिंत राहिली."

मी म्हटलं, राहू दे हो, धुतील ते. त्यांनी डोळे मिटले. कडेने पाणी आलं. मी पुसलं. म्हणाले, "खरं सांगून उपयोग नाही." नर्सने नळी पुन्हा लावली.

खोकला : ठकीचा परत सुरू, सकाळचा.

१९ नोव्हेंबर

मामंजी गेले. पहाटे. सासूबाई होत्या जवळ.

३० नोव्हेंबर

नणंदबाई आल्यात, आता इथेच राहणार आहेत, त्यांचा मुलगा इथल्या कारखान्यात लागलाय. सासूबाईंना आधार झाला. घरात आता चुका काढायला मामंजी नाहीत, त्यामुळे घर इतकं गप्प झालंय की नळ ठिबकला तरी सगळे मान वर करतात.

हे आले नाहीत. बापाला न्यायलाही नाहीत. वरच्या अंगाचं शेवाळ आता धुतलेल्या भागावर ओघळायला लागलंय, हिरवे ओघळ, बोटांसारखे. हे म्हणायचे ते खरं, वरून न धुता खालचं धुऊन उपयोग नाही.

३ डिसेंबर

आज सगळं लख्ख समजलं. इस्त्री हातात होती, खाली शर्ट करपला तरी कळलं नाही.

मामंजींनी अंथरूण धरलं त्या दिवसापासून भिंतीला हात नाही, चहाला तोंड नाही. ते गेल्यावर तर कुणी फिरकलं नाही. म्हणजे तो बापासाठी येत होता. दुपारचं, आम्ही कुणी नसताना, फक्त मामंजी घरात असताना. ठसे कुठे गेले होते? खाटेपाशी. लेंगा का भिजला होता? बाप बाजूला उभा राहून पाणी ओतत असणार. कप कुणी विसळला? बापाने, लेकाचा. बाप-लेकांनी आपसात मिटवून घेतलं, आणि मी वेडी खिडकीत चहा ठेवत बसले.

मामंजींवर राग धरवत नाही. लेकाने शपथ घातली असेल. तरी त्यांना माझी दया आली आणि मला मोकळं करायला "मीच धुतो" म्हणून स्वतःवर घेतलं. जन्मभर मापात पाप न केलेल्या माणसाने माझ्यासाठी खोटं बोलावं, आणि ते खरं ठरवायला त्या वयात बोळात ब्रश घेऊन बसावं. मी त्यांना ओल्यात ढकललं. एवढी माया मला माझ्या बापाने लावली नाही.

त्याच्यासाठी थांबायचं आता काही कारण उरलं नाही. ताईला फोन केला. ती जागा गेली, पण ये म्हणाली, दुसरं बघू, आधी पोरीला आण.

९ डिसेंबर

उद्या सकाळी निघतोय. सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी पत्ता मागून घेतला, "त्याला देईन" म्हणाल्या. मी दिला. त्यांची आशा त्यांच्यापाशी राहो, माझी मी इथेच सोडून जाते.

खोकला : काल दिवसभर. गाडीत ठकीला खिडकीजवळ बसवीन.

संध्याकाळी एकदा बोळात जाऊन आले. आज भीती वाटली नाही. खालची अर्धी भिंत अजून पांढुरकी होती, अंधार पडत आला तरी तेवढी दिसत होती. मी तिच्यासमोर उभी राहून मोठ्याने बोलले, तो जिथे असेल तिथे ऐकू जावं म्हणून. बापासाठी आलास, चांगलं केलंस, म्हाताऱ्याला समाधान देऊन पाठवलंस. मी बायको होते, मला भेटला नाहीस तरी चाललं. पण आत पोर घुसमटत होती रे. तिच्यासाठी या भिंतीला कुणाचा हात लागला नाही.